आमची वाटचाल : राखेला सिमेंटच्या गोणीशेजारी जागा

आमचा कारखाना पेव्हर (फरसबंदीचे काँक्रीटचे ठोकळे) आणि पोकळ ब्लॉकचा. आमच्या मालातलं सगळ्यात महाग आणि वातावरणाला सगळ्यात जड पडणारं जिन्नस म्हणजे सिमेंट. माणसाच्या उद्योगांतून जगभर जो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्यातला सुमारे ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटचा. भट्टीचं इंधन बदलून हे निस्तरत नाही, कारण निम्म्याहून अधिक वायू तापलेल्या चुनखडीतूनच निघतो. म्हणून सिमेंटच कमी लागेल असं मिक्स, म्हणजे काँक्रीटचं मिश्रण, बसवायचं आम्ही ठरवलं.

सुरुवात भाताच्या तुसापासून केली. भाताच्या वजनाचा साधारण पाचवा भाग तूस असतं आणि ते जाळलं की त्याच्याही जवळपास पाचव्या भागाएवढी राख उरते. नीट जळालेल्या राखेत ८५ टक्क्यांच्या वर सिलिका असते. सिमेंट घट्ट होताना चुना सुटतो. ताकदीला त्याचा फारसा उपयोग नसतो. ही सिलिका त्या चुन्याला धरते आणि काँक्रीटला बांधून ठेवणारा पदार्थ आणखी तयार करते. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचे प्राध्यापक पी. के. मेहता यांनी १९७०च्या दशकातच या राखेवर पायाभूत काम केलं होतं. म्हणजे शास्त्र तयार होतं, प्रश्न होता तो रोज एकसारखी राख मिळवण्याचा.

आमच्या कामाचा खरा कस तिथेच लागला, आजही लागतो. तूस साधारण ७०० अंश सेल्सिअसच्या आत जळालं तर सिलिका क्रियाशील राहते. आच फार चढली आणि तशीच राहिली, तर तिचे स्फटिक होतात आणि राख नुसती भर घालण्यापुरती उरते. हवा कमी पडली तर कोळसा मागे राहतो, राख काळी येते आणि पाणी व रसायनं पिऊन टाकते. म्हणून राख घेण्याआधी आम्ही बॉयलर चालवणाऱ्या माणसाशी बोलतो : आच किती, हवा किती, राख कधी काढता? कागदावरच्या टक्केवारीपेक्षा मला ही माहिती मोलाची वाटते. नंतर प्रत्येक खेपेतली थोडी राख पुन्हा जाळून वजनात किती घट येते ते पाहतो. घट जास्त आली की खेप परत.

तुसाच्या राखेचे कण सच्छिद्र असतात, त्यामुळे मिक्स लगेच कोरडं पडतं. पाणी वाढवलं तर ताकद जाते. त्याऐवजी राख बॉल मिलमध्ये बारीक दळायची आणि सुपरप्लास्टिसायझर (पाणी न वाढवता मिक्स सैल करणारं रसायन) वापरायचं, हा मार्ग आम्ही धरला. उसाच्या चिपाडाच्या राखेची अडचण वेगळी : तिच्यात अर्धवट जळालेले तंतू असतात. ते ३०० मायक्रॉनच्या चाळणीवर बरेचसे निघून जातात. ही राख घातलेल्या काँक्रीटची ताकद सावकाश चढते. त्यामुळे क्यूब (चाचणीचे काँक्रीटचे ठोकळे) २८ दिवसांवर फोडून आम्ही थांबत नाही, ९० दिवसांचेही ठेवतो. आणि क्युरिंगमध्ये, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवण्यात, कसूर चालत नाही.

अन्नातल्या टाकाऊ मालाबद्दल लोक उत्साहाने विचारतात, तेव्हा मी आधी साखरेचं सांगतो. सिमेंटच्या वजनाच्या एक दशांश टक्का साखरसुद्धा काँक्रीटचं सेटिंग (घट्ट होणं) कितीतरी तास लांबवते. फळांचा चोथा तसाच टाकण्याची गोष्टच नको. अंड्याच्या टरफलात प्रामुख्याने कॅल्शियम कार्बोनेट असतं. आतला पापुद्रा काढून, धुऊन, दळून ते बारीक चुनखडीच्या जागी चालतं. पण सिलिकेचं काम ते करत नाही. ऑस्ट्रेलियातल्या आरएमआयटी विद्यापीठाने २०२३मध्ये कॉफीचा चोथा हवेविना ३५० अंशांवर भाजून वापरला आणि ताकद जवळपास ३० टक्क्यांनी वाढल्याचं दाखवलं. बातमी आनंदाची आहे, पण तिथे चोथ्याने वाळूचा १५ टक्के वाटा घेतला होता, सिमेंटचा नाही.

आज आमच्या पेव्हरमध्ये १० ते १५ टक्के सिमेंटच्या जागी तुसाची राख असते. त्यापुढे जायचा आग्रह काही ग्राहक धरतात, आम्ही नकार देतो. खांब-तुळयांसाठी हे मिक्स आम्ही विकत नाही. त्यासाठी संरचना अभियंत्याची मंजुरी आणि टिकाऊपणाच्या वेगळ्या चाचण्या लागतात. सध्या तुसाची राख आणि टरफलांची पूड एकत्र घालून क्यूब भरले आहेत. त्यांचे ९० दिवसांचे आकडे आले की पोकळ ब्लॉकचं मिक्स ठरवू.