तबरीझची घोषणा आणि नगरचा कोठला

माझं आजोळ नगरचं (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच बसलंय), त्यामुळे मोहरम म्हटलं की मला तिथल्या कोठला या जागेवरची गर्दी आठवते. आज्जी दरवर्षी तिथे इमामांच्या नावाने बसवलेल्या सवारीला चादर चढवायची. मामा लहानपणी फार आजारी होता, तेव्हा तिने नवस बोलला होता आणि तो तिने शेवटपर्यंत पाळला. आमच्या घरात गणपती, खंडोबा आणि बारा इमाम असं सगळं गुण्यागोविंदाने चालायचं, आणि हे बारा इमाम नक्की कोण, नगरमध्ये कुठून आले, असं विचारायचं मला कॉलेज संपेपर्यंत सुचलं नाही.

तर बारा इमाम म्हणजे पैगंबरांचे जावई अली आणि त्यांच्या वंशातले अकरा जण, शिया त्यांनाच पैगंबरांचे खरे वारस मानतात. ते नगरला कसे आले याचा धागा थेट इराणपर्यंत जातो. 1501 मध्ये तबरीझला शाह इस्माईल गादीवर बसला, वय जेमतेम 14, आणि त्याने जाहीर केलं की आजपासून राज्याचा पंथ शिया, बारा इमाम मानणारा. आता तबरीझच काय, इराणचा बराचसा भाग तेव्हा सुन्नी होता. खुद्द इस्माईलच्या घराण्याचा मूळ पुरुष, अर्दबीलचा शेख सफी, सुन्नी सूफी होता. पण इस्माईलच्या मागे किझिलबाश होते, म्हणजे लाल टोपी घालणारे तुर्कमान लढवय्ये, आणि ते त्याला नुसता राजा नाही तर जवळजवळ देवच मानायचे. मशिदीतल्या खुतब्यात, म्हणजे शुक्रवारच्या नमाजाच्या प्रवचनात, बारा इमामांची नावं आली, रस्त्यावर पहिल्या तीन खलिफांना (सुन्नी त्यांना मानतात, शिया नाही) शिव्याशाप देत फिरणारी माणसं नेमली, विरोध करणाऱ्यांवर तलवार चालली. यात जबरदस्ती होतीच, ती कुणी झाकू नये.

पण एकट्या तलवारीने गावोगावच्या माणसाची नमाजाची रीत बदलत नाही. 1514 मध्ये चाल्दिरानला उस्मानी सुलतान सलीमच्या तोफांपुढे इस्माईल हरला, तो अजिंक्य आहे हा समज तिथेच फुटला, तरीही पंथ टिकला, कारण पुढे 200 वर्षं त्यावर काम होत राहिलं. शिया कायदा शिकवायला इराणात माणसंच पुरेशी नव्हती म्हणून लेबनॉनच्या जबल आमिल भागातून मौलवी आणले, त्यातल्या अल-करकीला इस्माईलचा मुलगा शाह तहमास्प याने मोठे अधिकार दिले, मग मदरसे, वक्फ, इमामांच्या दर्ग्यांची डागडुजी. पहिला शाह अब्बास तर 1601 मध्ये इस्फहानहून मशहदला, आठव्या इमामाच्या दर्ग्याला, पायी गेला, आपल्याकडे वारीला चालत जातात तसा! मला वाटतं इराण खऱ्या अर्थाने शिया झाला तो या सगळ्या चिवट कामामुळे.

आता नगर. या कथेतला मला सगळ्यात आवडणारा माणूस म्हणजे शाह ताहिर. मोठा विद्वान, पण इस्माईली पंथाचा (शियांचीच वेगळी शाखा, शाह इस्माईलशी फक्त नावाचं साम्य) इमाम असल्याचा संशय (आणि तो खराच होता), म्हणून शाह इस्माईलची मर्जी गेली आणि जीव वाचवून तो हिंदुस्थानात आला. आला कुठे, तर आपल्या परंड्याला! तिथे निजामशाहाचा गुरू पीर मुहम्मद त्याच्यापाशी खगोलशास्त्राचा ग्रंथ शिकला आणि नगरला परतून त्याची इतकी स्तुती केली की बुऱ्हाण निजामशाहाने त्याला दरबारात बोलावून घेतलं. म्हणजे ज्या शियापंथी राजाच्या भीतीने हा माणूस पळाला, त्याच राजाचा पंथ त्याने नगरच्या दरबारात रुजवला.

दख्खनचा इतिहास लिहिणारा फिरिश्ता सांगतो की बुऱ्हाणचा लाडका मुलगा अब्दुल कादिर तापाने मरणपंथाला लागला होता. शाह ताहिर म्हणाला, मुलगा वाचला तर बारा इमामांच्या नावाने खुतबा वाचीन असा नवस बोला. रात्री बुऱ्हाणच्या स्वप्नात पैगंबर आणि बारा इमाम आले, जागा होऊन बघतो तर पोराचा ताप उतरलेला. मग 1537 मध्ये घोषणा झाली. अर्थात राजकारणही होतंच, दरबारात इराणहून आलेले आफाकी एकीकडे, इथले दखनी दुसरीकडे, आणि इराणच्या शाहाशी दोस्ती हवीच होती. पण बापाची ती रात्र मला खोटी वाटत नाही. हा बुऱ्हाण कोण, तर फिरिश्ताच्याच म्हणण्याप्रमाणे त्याचा आजा पाथरीच्या ब्राह्मण घरात जन्मलेला! तीन पिढ्यांत केवढी उलथापालथ.

आणि सगळं गोडीत झालं असंही नाही. ज्या पीर मुहम्मदने शाह ताहिरची ओळख करून दिली तोच चिडून बंडाला उठला, कैदेत पडला, आणि त्याला माफ करा म्हणून रदबदली केली ती शाह ताहिरनेच. पुढे निजामशाही दरबारातल्या जमालखानाने काही काळ महदवी पंथ (जौनपूरच्या सय्यद मुहम्मदला महदी मानणारा) आणला, 1591 मध्ये परत शिया. विजापुरात तर सुलतान बदलला की खुतबा बदलायचा. इराणसारखं 200 वर्षांचं काम इथे कुणाला करायला मिळालंच नाही, 1636 मध्ये निजामशाही संपली.

कोठला मात्र आहे, शाह ताहिरसाठी बांधलेला. सवाऱ्या तिथूनच उठतात, कत्तलच्या रात्री (मोहरमच्या दहाव्या दिवसाच्या आदल्या रात्री) पाय ठेवायला जागा नसते, आणि चादर चढवणाऱ्यांत निम्म्या बायका कुंकू लावलेल्या.

मागच्या वर्षी मामाला मी बुऱ्हाण आणि अब्दुल कादिरची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "आईला हे माहीत असतं तर तिने त्या पोराचंही नाव घेऊन चादर चढवली असती."