नळीमागच्या काळ्या रेघा

रक्ताचा एक थेंब द्रावणात टाकायचा, नळी हलवायची आणि काही मिनिटांनी तिच्यामागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा स्वच्छ दिसल्या तर सिकलसेलचा, म्हणजे लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक दोष नाही. द्रावण गढुळून रेघा दिसेनाशा झाल्या तर नमुना पुढच्या तपासणीला पाठवायचा. पूर्व विदर्भात प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून काम करताना ही चाचणी मी किती वेळा केली, याचा हिशेब नाही. तिचा एक नियम मात्र आम्हांला पक्का पढवला होता : सहा महिन्यांच्या आतील बाळासाठी ती ग्राह्य धरायची नाही. त्या वयात रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन इतके असते की दोष असूनही रेघा स्वच्छ दिसू शकतात. 'बाळ तर ठणठणीत आहे' असे म्हणणाऱ्या आईला 'ताई, सहा महिन्यांनी परत आणा' एवढेच सांगता येई.

जन्मजात दोष असून बाळाला काही महिने त्रास का होत नाही, याचे कारण हेच हिमोग्लोबिन असावे, असे न्यूयॉर्कमधील बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्येच सुचवले होते. ते बनवणारे जनुक पुढेही पेशीत शाबूत असते. फक्त त्याचे काम थांबवले जाते. ते कोण थांबवते, हे शोधणाऱ्या डॉ. स्वी ले थेन आणि डॉ. स्टुअर्ट ऑर्किन यांना हाँगकाँगचे २०२४ चे शॉ पारितोषिक जीवविज्ञान व वैद्यक या विभागात विभागून मिळाले.

ऑर्किन यांचे नाव अधिक ऐकू येते. मला थेन यांच्याविषयी जास्त लिहावेसे वाटते. मलेशियात जन्मलेल्या थेन यांनी ऑक्सफर्डमध्ये रक्तविकारांचे अभ्यासक डेव्हिड वेदरॉल यांच्याबरोबर काम करताना मूळच्या भारतीय अशा एका मोठ्या कुटुंबाचा अभ्यास हाती घेतला. या घराण्यात थॅलेसेमिया हा हिमोग्लोबिनचाच आनुवंशिक आजार होता आणि त्याच्या जोडीने, मोठेपणीही गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन बनत राहण्याचा गुणही पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलेला होता. दोनशेहून अधिक माणसांच्या या वंशावळीतून तो गुण सहाव्या गुणसूत्राशी जोडलेला असल्याचे १९९६ मध्ये दाखवता आले. आपले रक्त देणाऱ्या त्या घरातल्या माणसांची नावे पारितोषिकाच्या मानपत्रात येत नाहीत, येण्याची रीतही नाही. पण नमुने गोळा करण्यात आयुष्य गेलेल्या माणसाच्या मनात तेच आधी येतात.

पुढे २००७ मध्ये थेन यांच्या गटाने जुळ्यांच्या नमुन्यांतून क्रमांक दोनच्या गुणसूत्रावरील बीसीएल-११ए या जनुकावर बोट ठेवले. हे जनुक गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनला थांबवणारे प्रथिन बनवते, हे ऑर्किन आणि त्यांच्या प्रयोगशाळेतील विजय शंकरन यांनी २००८ मध्ये दाखवले. २०११ मध्ये ते जनुक निकामी केल्यावर सिकलसेल असलेले उंदीर सुधारले. त्यानंतर लाल पेशींच्या घडणीत या जनुकाला चालना देणारा डीएनएचा नेमका तुकडा सापडला. रुग्णाच्याच मूळपेशी काढून, क्रिस्पर या जनुके कापण्याच्या तंत्राने तो तुकडा कापून, त्या परत शरीरात सोडण्याच्या उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने पुढच्याच महिन्यात मान्यता दिली. अमेरिकेच्या मान्यतेचा आधार ठरलेल्या चाचणीत पुरेसा काळ देखरेखीखाली राहिलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग किमान वर्षभर तीव्र वेदनांचा झटका आला नाही. असा झटका आलेल्या मुलाला खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन पडलेले ज्याने पाहिले आहे, त्याला या आकड्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

मान्यतेच्या वेळी अमेरिकेतील किंमत मात्र २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाचे सुमारे १८ कोटी रुपये होती. शिवाय पेशी परत सोडण्यापूर्वी अस्थिमज्जा रिकामी करण्यासाठी कठोर केमोथेरपी घ्यावी लागते. आमच्या भागातल्या रुग्णाला आज मिळते ती हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल. तीसुद्धा बऱ्याच अंशी गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढवूनच काम करते. फक्त ती रोज घ्यावी लागते आणि अधूनमधून रक्त तपासायला यावे लागते. औषध सुरू असलेली मुले तपासणीला आली की अहवालात त्या हिमोग्लोबिनचा आकडा मी सर्वांत आधी पाहत असे.