घरी बियर बनवून मित्रांना पाजावी का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. प्रश्न एकच असतो, विचारायची तऱ्हा तेवढी वेगळी. पुण्या-मुंबईचे ओळखीचे लोक म्हणतात, "किट मागवावं म्हणतोय, मित्रांसाठी घरी बियर बनवतो, सुरुवात कुठून करू?" इथले दोस्त सरळ अंगावर येतात, "तू तं शिकून आला न बे तिकून, मंग आमाले कधी पाजशीन?" दोघांनाही माझं उत्तर एकच असतं. बनवू नका. मी अमेरिकेत नोकरीला असताना हे शिकलो, तिथे भरपूर बनवली, नागपुरात परतल्यापासून एकदाही नाही. पण नुसतं "नको" म्हणून थांबलो तर लोक भलतीच कारणं गृहीत धरतात. या कलेवर माझं मनापासून प्रेम आहे, म्हणून नीट सांगतो.

पहिलं भलतं कारण म्हणजे विषाची भीती. "घरची दारू प्यायली की डोळे जातात" हे वाक्य मी किती घरांत ऐकलंय. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं दगावली, ती मिथेनॉलने. गावठी दारूत असं औद्योगिक रसायन मिसळलं जातं आणि त्याने जीव जातो. जवापासून आंबवलेल्या बियरची गोष्ट वेगळी. मिथेनॉल मुख्यतः फळांतल्या पेक्टिन नावाच्या चिकट द्रव्यापासून बनतं, जवात ते नसल्यातच जमा. शिवाय बियर तापवून, वाफ गार करून तिचा अर्क काढत नाहीत, त्यामुळे असेल तेवढंही एकवटत नाही. तेव्हा मी "नको" म्हणतो ते या भीतीपोटी नाही.

कायद्याचं कारण मात्र खरं आहे आणि ते पुरेसं आहे. १९४९ चा दारूबंदी अधिनियम, जो आज महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणून ओळखला जातो, परवान्याशिवाय मद्य बनवायला मनाई करतो. कलम ६५ मध्ये त्याची शिक्षा आहे. विकायची नव्हती, घरीच प्यायची होती, मित्रांना फुकट दिली, यातलं काहीही तिथे चालत नाही. अमेरिकेत १९७८ साली कायदा झाला आणि पुढच्या वर्षापासून घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरच्या आसपास, बियर विनापरवाना बनवायची मुभा मिळाली, विकायची नाही या अटीवर. ब्रिटनने तर १९६३ लाच घरगुती बियरचा परवाना काढून टाकला होता. इंटरनेटवरची सगळी कृती-पुस्तकं आणि व्हिडिओ त्या देशांतून येतात, म्हणून आपल्याकडेही चालत असेल असं पोरांना वाटतं. नागपूरकरांनी एक आणखी ध्यानात ठेवावं: शेजारचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा, गडचिरोली १९९३ पासून दारूबंदीचा. तुमचा वर्ध्याचा मित्र "दोन बाटल्या घेऊन जातो घरी" म्हणाला, तर डिकीत ठेवलेल्या त्या बाटल्यांचं ओझं तुमच्या हौसेने त्याच्या डोक्यावर टाकलं.

समजा उद्या कायदा बदलला. तरी आपलं हवामान आहेच. साखरेचं अल्कोहोल करतं ते यीस्ट. एल प्रकारच्या बियरचं यीस्ट १८ ते २२ अंशांत सुखात असतं, लागर प्रकारच्या बियरचं त्याहून बरंच थंडीत. आंबताना द्रव स्वतःच गरम होतो, खोलीपेक्षा काही अंश वर जातो. तापमान चढलं की यीस्ट जड अल्कोहोलं सोडतं. चवीला ती झोंबतात आणि बियर घशाखाली जळजळीत उतरते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. कुलर हवा गार करतो, पण पंधरा दिवस रात्रंदिवस एक तापमान धरून ठेवणं त्याचं काम नाही. नॉर्वेच्या शेतकऱ्यांकडचं क्वाइक नावाचं यीस्ट ३५-४० अंशांतही स्वच्छ काम करतं हे खरं आहे, आणि हा मुद्दा घेऊन येणारा एखादा जाणकार हमखास भेटतो. पण आंबवणं संपल्यावर बाटल्या ठेवायच्या कुठे? गरम खोलीत बियर लवकर शिळी होते. बाटलीत फेस यावा म्हणून लिटरमागे सहा-सात ग्रॅम साखर घालतात. आतली मूळ साखर पुरती संपण्याआधीच बूच लावलं, तर वायूच्या दाबाने काच फुटते. स्वयंपाकघरात फुटलेल्या बाटलीची काच कुठवर उडते ते मी पाहिलं आहे. ज्या घरात लहान मूल आहे तिथे हा प्रयोग मी कायदा असला काय नि नसला काय, करू देणार नाही.

आता माझं खरं कारण. ते मित्रांबद्दल आहे.

आपल्याकडे "घरचं आहे" म्हटलं की समोरचा माणूस नाही म्हणत नाही. सावजीचा रस्सा असो की आजीचं लोणचं, यजमानाने स्वतः रांधलेलं नाकारणं म्हणजे त्याचा अपमान. दुकानातली बाटली समोर आली तर मित्र सहज म्हणतो, आज नको, गोळ्या चालू आहेत, किंवा गाडी चालवायचीय. तुम्ही तीन आठवडे खपून बनवलेली बियर पुढे केलीत की तोच मित्र भिडेखातर ग्लास उचलतो. वर तिच्यात किती अल्कोहोल आहे ते त्याला कळायचा मार्ग नाही. विकतच्या बाटलीवर टक्के छापलेले असतात. घरी ते द्रवाची घनता दाखवणाऱ्या हायड्रोमीटरने मोजावं लागतं: आंबण्याआधी घनता १.०५० आणि नंतर १.०१० आली तर साधारण सव्वापाच टक्के, सुरुवात १.०७० ने झाली आणि शेवट १.०१२ ला, तर साडेसातच्या पुढे. चवीवरून हा फरक ओळखता येत नाही. मोटार वाहन कायद्यात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल असलं की गुन्हा. पाहुणा तुमच्याकडून उठून रात्री हिंगण्याला किंवा वाडीला दुचाकीवर जाणार. दोन ग्लास प्यायलो म्हणून तो हिशेब करणार, आणि तो हिशेब तुमच्यामुळे चुकलेला असणार. ज्याला नाही म्हणता येत नाही आणि ज्याला किती प्यायलो ते कळत नाही, अशा माणसासमोर मी ग्लास ठेवणार नाही. दोस्ती आहे म्हणून तर नाहीच.

मग इतकं शिकलेलं वाया गेलं का? नाही. यीस्ट घालायच्या आधीचं सगळं कायद्यात बसतं आणि मला विचाराल तर सगळ्यात सुंदर भाग तोच आहे. धान्याला मोड आणून, वाळवून, दळून त्यातला स्टार्च हलका करायचा, हे आपल्या घरांत बाळासाठी नाचणीचं सत्त्व करताना बायका पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत. महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला ज्वारीची आंबील विदर्भात अजून होते, त्यामुळे आंबवणंही आपल्याला परकं नाही. जवाला मोड आले की त्यात अमायलेज नावाची विकरं (एन्झाइम) तयार होतात. ती गरम पाण्यात स्टार्चची साखर करतात. फेब्रुवारीत जव मोडवून गच्चीवर उन्हात वाळवले की झालं. ते फार तापवायचे नाहीत, नाहीतर विकरं मरतात.

डिसेंबरातल्या एखाद्या रविवारी सकाळी मी दोस्तांना बोलावतो. किलोभर मोडाचे जव भरडून चार लिटर पाण्यात टाकतो आणि पातेलं ६५ ते ६८ अंशांत तासभर धरून ठेवतो. दर पंधरा मिनिटांनी एक थेंब बशीत काढून त्यावर आयोडीन टाकायचं. आधी काळानिळा रंग येतो, कारण स्टार्च आहे. शेवटी रंग येतच नाही, सगळ्याची साखर झालेली असते. रंग यायचा थांबला की बँकेत मॅनेजर असलेली, नातवंडं खेळवणारी माझी दोस्तमंडळी जोरात ओरडतात. मग गाळून उकळायचं. आच बंद केल्यावर पाणी ८० अंशांवर उतरलं की चार-पाच ग्रॅम हॉप्स, म्हणजे बियरला कडवटपणा देणाऱ्या वेलीची फुलं, चमचाभर ठेचलेले धने आणि आंबिया बहाराच्या संत्र्याची साल, आतलं पांढरं खरवडून. बेल्जियमच्या गव्हाच्या बियरमध्ये धने आणि संत्र्याचीच साल पडते. इथे कळमन्याच्या बाजारातून आणलेलं फळ त्यांच्यापेक्षा सरस आहे असं माझं मत आहे. हॉप्स आपल्याकडे हिमाचलात लाहौलला पिकतात, गोळ्यांच्या रूपात विकत मिळतात. दहा मिनिटांनी गाळायचं, गार करायचं आणि ग्लासात निम्मा सोडा घालून द्यायचं. गोड, किंचित कडू, संत्र्याच्या वासाचं पेय. गोळ्या चालू असलेला पितो, गाडीवाला पितो, घरातली पोरंही पितात.

ते त्याच दिवशी संपवावं लागतं. रात्रभर बाहेर राहिलं तर हवेतलं यीस्ट पडून सकाळपर्यंत आंबायला लागतं. उरलंच तर मी फ्रीजमध्ये ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपवतो. जवाचा चोथा थालीपिठाच्या भाजणीत मिसळतो, जास्तीचा गल्लीतल्या गाईला.

डिसेंबरात याल तर येताना आयोडीनची बाटली घेऊन या.