देवाचा टेकू

आमच्या डायनिंग टेबलचा एक पाय आखूड आहे, त्याच्याखाली गेली चार वर्षं एका लग्नपत्रिकेची घडी आहे. कुणाची पत्रिका ते आता आठवतही नाही, पण तिच्यावर गणपती होता म्हणून आई अजून कुरकुरते, देवाला कसलं टेबलाखाली घालता! मला मात्र ती घडी दिसली की रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस आठवतो.

त्याचा एक पुतळा १८६३ मध्ये रोमजवळ प्रिमा पोर्ताला सापडला, आता व्हॅटिकनच्या म्युझियममध्ये आहे. अंगात चिलखत, हात वर, पाय मात्र अनवाणी, आणि उजव्या पायाशी डॉल्फिनवर बसलेलं एक गुटगुटीत पोर. आता संगमरवर म्हणजे जड काम, नुसत्या दोन घोट्यांवर एवढा माणूस उभा राहत नाही, टेकू लागतोच, साधा झाडाचा बुंधा कोरला असता तरी भागलं असतं. पण हे पोर म्हणजे क्युपिड, व्हीनस देवीचा मुलगा, आणि ऑगस्टसचं घराणंही म्हणे व्हीनसचंच, म्हणजे भाऊबंदच की!

ही वंशावळ त्याला दत्तक घेणाऱ्या ज्युलिअस सीझरकडून आलेली. सीझरने इ.स.पू. ६९ मध्ये आत्याच्या अंत्यविधीला भाषण ठोकलं, की तिचं आजोळ राजांचं आणि माहेर थेट व्हीनसचं. (अशा वेळी हे कोण बोलतं? इलेक्शन लढवणारा बोलतो.) पुढे नाणी पाडली, एका बाजूला व्हीनस, दुसऱ्या बाजूला तिचा मुलगा एनिअस, जळत्या ट्रॉय शहरातून म्हाताऱ्या बापाला खांद्यावर घेऊन निघालेला. आपल्याला लगेच श्रावणबाळ आठवतो. भाजी घेताना रोज हातात तेच चित्र, वेगळी जाहिरात कशाला हवी?

सीझरचा खून झाला त्या वर्षी, इ.स.पू. ४४ मध्ये, त्याच्या नावाच्या खेळांच्या वेळीच आकाशात धूमकेतू दिसला. लोक म्हणाले हा सीझरचा आत्मा, आणि जेमतेम अठरा वर्षांच्या दत्तक पोराने, म्हणजे आपल्या ऑगस्टसने, सीझरच्या पुतळ्याच्या डोक्यावर तारा बसवून टाकला. बाप देव झाला की आपण आपोआप देवाचा मुलगा, नाण्यांवरही तसंच छापलं.

मला यात आवडतो तो बराच नंतरचा सम्राट व्हेस्पेसिअन. बाप करवसुलीवाला. खुशमस्कऱ्यांनी त्याचं घराणं हर्क्युलिसच्या साथीदाराला नेऊन जोडलं तर हा पठ्ठ्या चक्क हसला. इ.स. ७९ मध्ये मरायला टेकला तेव्हा म्हणाला म्हणे, "अरेरे, मी देव व्हायला लागलोय वाटतं."

आणि मेल्यावर त्यालाही देव केलंच.