चारशे मॉड आणि एक दमलेला पीसी

स्कायरिम हा गेम ११ नोव्हेंबर २०११ ला बाजारात आला, तेव्हा त्याला किमान २ जीबी रॅम आणि ५१२ एमबीचं ग्राफिक्स कार्ड पुरत होतं. आज त्याच गेमवर चारशे मॉड, म्हणजे चाहत्यांनी केलेले बदल आणि भर, चढवून बसलेला माणूस सोळा जीबी रॅम कमी पडते म्हणून कुरकुरतो, आणि त्याची कुरकुर खोटी नसते. मॉड लागले की कंपनीने छापलेली ‘रेकमेंडेड’ यादी रद्दीत जाते. नवी यादी कुणी छापत नाही, कारण दोन माणसांचे मॉड कधीच सारखे नसतात.

मग माणूस घोडबंदर रोडच्या पंचविसाव्या मजल्यावर राहत असो की कोपरखैरण्याच्या रो-हाउसमध्ये, त्याचा पहिला विचार ठरलेला: नवीन ग्राफिक्स कार्ड घेऊ. कार्डाचं खोकं मोठं, त्यात दिवे लागतात, मित्रांना फोटो पाठवता येतो. दुकानदारालाही तेच विकायचं असतं. आणि पुष्कळदा एवढे पैसे ओतूनही गेममधल्या व्हाइटरन शहराच्या बाजारात फ्रेम, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, पूर्वीइतक्याच घसरतात.

म्हणून आधी अर्धा तास तपासणीला द्यावा. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला की बहुतेकांची फसगत होते: प्रोसेसर २२ टक्के, कार्ड ५५ टक्के, फ्रेम मात्र ३८. दोघेही रिकामे बसलेत, तेव्हा गेमच भिकार, असा निष्कर्ष निघतो. पण सहा कोअर आणि बारा थ्रेडच्या, म्हणजे एकावेळी बारा कामं चालवणाऱ्या, प्रोसेसरवर एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकडा आठ टक्क्यांच्या आसपासच दिसतो. म्हणजे २२ टक्के दाखवणारा प्रोसेसर एका ठिकाणी पार गुदमरलेला असू शकतो. स्कायरिमसारखे जुने गेम ‘आता हे झाड काढ, आता हा दगड काढ’ अशा सूचना कार्डाला मुख्यतः एकाच थ्रेडमधून देतात. घोडबंदर रोडला माजिवड्यापासून कितीही लेन काढल्या तरी गायमुखच्या घाटात सगळ्यांना रांगेतच यावं लागतं, तसा हा प्रकार. जंगलाचा मॉड, गवताचा मॉड, गावात माणसं वाढवणारा मॉड, प्रत्येक जण त्या रांगेत नव्या गाड्या आणून उभ्या करतो. सावल्यांसाठी त्याच वस्तू पुन्हा मोजल्या जातात, ते वेगळंच.

खरं काय ते कळायला दोन साधे प्रयोग आहेत. एक, फ्रेम जिथे पडतात तिथेच उभं राहून रिझोल्यूशन १०८०पीवरून ७२०पीवर आणायचं. फ्रेम वाढल्या तर कार्ड दमलंय. जागच्या हलल्या नाहीत तर प्रोसेसर. दुसरा प्रयोग ईएनबी, म्हणजे प्रकाश-सावल्या खुलवणारं जोडसॉफ्टवेअर, वापरणाऱ्यांसाठी: शिफ्ट-एफ१२ दाबलं की ईएनबीचे परिणाम बंद होतात. तेवढ्याने ३८च्या ६० झाल्या, तर भार कार्डावर होता. ३८च्या ४० झाल्या, तर नवीन कार्डाचे पैसे बँकेतच राहू द्या. हे करताना आफ्टरबर्नर या मोजणीच्या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमटाइमचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा, आलेख लावून ठेवावा. सरासरी फ्रेम छान आणि आलेखात मधूनच सुळके, असं दिसलं तर तिसरीच तक्रार आहे, तिच्याकडे पुढे येऊ.

प्रोसेसर दोषी निघाला आणि मदरबोर्ड एएमडीच्या एएम४ सॉकेटचा असेल, तर तो माणूस नशीबवान. एक्स३डी जातीचे प्रोसेसर याच कामाचे. रायझन ७ ५७००एक्स ४.६ गिगाहर्ट्झपर्यंत पळतो, ५७००एक्स३डी ४.१पर्यंतच. कागदावर दुसरा मंद. पण पहिल्याला ३२ एमबी एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) आहे, दुसऱ्याला ९६, आणि विखुरलेला डेटा सतत शोधत बसणाऱ्या मॉडवाल्या गेमना गिगाहर्ट्झपेक्षा ही कॅशेच जास्त मानवते. बोर्ड, रॅम काही बदलावं लागत नाही. बी४५०सारख्या जुन्या बोर्डवर मात्र आधी बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट हवं, आणि ते जुना प्रोसेसर बसलेला असतानाच करायचं. खोक्यात कूलर येत नाही, तो वेगळा घ्यावा. टॉवर कूलर घेताना कॅबिनेट किती मिलिमीटर उंचीचा सोसतं ते पाहावं. एएम४चा जुना कूलर उचलताना एक घात हमखास होतो: वाळलेल्या थर्मल पेस्टमुळे (उष्णता वाहून नेणाऱ्या लेपामुळे) प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी दहा मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम करावी, पीसी बंद करून वायर काढावी, मग कूलर सरळ न ओढता हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवावा. पंधरा मिनिटांचं काम आहे, पण ते कुणी करत नाही.

इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे मोठे प्रोसेसर वापरणाऱ्यांनी खरेदीआधीच बायोस अद्ययावत करून घ्यावं. व्होल्टेजच्या दोषावरचे मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरसाठीचे दुरुस्ती-कोड, २०२४ मध्ये आले. त्या दोषाने पडणारा गेम आणि मॉडने पडणारा गेम वरून सारखेच दिसतात, आणि लोक आठवडाभर निरपराध मॉड काढत बसतात. आधीच झिजलेला प्रोसेसर मात्र बायोसने बरा होत नाही, तो वॉरंटीत बदलूनच घ्यावा लागतो.

आता कार्ड. इथे वेगापेक्षा व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, आधी बघायची, आणि त्याचं गणित वहीच्या मागच्या पानावर होतं. ४०९६ गुणिले ४०९६ चं (म्हणजे ४के) एक टेक्श्चर, वस्तूवर चढवायचं चित्र, बीसी७ पद्धतीने आवळलं की एका पिक्सेलला एक बाइट, म्हणजे १६ एमबी. लांबून बघण्यासाठीच्या छोट्या प्रती त्यातच असतात, त्या धरून साधारण २१ एमबी. प्रत्येक पृष्ठभागाला रंगाचं एक आणि उंचसखलपणाचं एक अशी किमान दोन टेक्श्चर लागतात, म्हणजे ४२. असे शंभर पृष्ठभाग नजरेच्या टप्प्यात आले की चार जीबी संपले. सावल्या, ईएनबीचे पडदे, विंडोज आणि मागे उघडा ठेवलेला ब्राउझर यांचा हिशेब अजून व्हायचाच आहे. तेच टेक्श्चर २के (२०४८ गुणिले २०४८) घेतलं की खर्च चौथाईवर येतो. फुल एचडी पडद्यावर एकूण पिक्सेल वीस लाख सत्तर हजार. ४के टेक्श्चरमध्ये एक कोटी सदुसष्ट लाख. टेबलावरच्या पेल्याला ते चढवणारा माणूस नेमकं काय बघणार असतो, देव जाणे. डोंगर, जमीन, फार तर चिलखत ४के. भांडीकुंडी २के किंवा १के. फुकटातलं याहून मोठं अपग्रेड नाही.

व्हीरॅम उतू गेली की उरलेली टेक्श्चर मुख्य रॅममधून पीसीआय स्लॉटच्या वाटेने ये-जा करतात. फ्रेमटाइमच्या आलेखातले सुळके बहुधा तिथले. इथेच एक बारकावा जुन्या बोर्डवाल्यांना महागात पडतो. आरटीएक्स ४०६० आणि आरएक्स ७६०० ही कार्डं स्लॉटच्या सोळापैकी आठच लेन (डेटाच्या वाटा) वापरतात. पीसीआय ४.० बोर्डवर ते खपून जातं. पण बी४५०च्या ३.० स्लॉटमध्ये वाट सेकंदाला जेमतेम ८ जीबीची उरते, आणि या कार्डांवर व्हीरॅमही आठच जीबी. त्यामुळे साध्या गेममध्ये मागे पडणारं १२ जीबीचं आरटीएक्स ३०६०, सोळा लेनच्या जोरावर, जड टेक्श्चरच्या गेममध्ये जास्त गुळगुळीत चालू शकतं. मात्र खोक्यावर १२ जीबीच लिहिलंय ना ते वाचावं. ३०६०ची ८ जीबीची आवृत्तीही निघाली आहे आणि तिची मेमरी बस अरुंद आहे.

रॅमची तक्रार वेगळ्या आवाजात येते. गेम काही न सांगता डेस्कटॉपवर फेकतो, आणि टास्क मॅनेजर म्हणतो सोळापैकी अकराच जीबी वापरात. त्याच्या मेमरीच्या पानावर खाली ‘कमिटेड’ असा जोडआकडा असतो, तो बघावा. रॅम आणि पेजफाइल (डिस्कवरची जादा मेमरी) मिळून जी हद्द, तिच्याजवळ पहिला आकडा पोचला की नवी मागणी नाकारली जाते आणि गेम मरतो. ‘एसएसडी खराब होते’ या भीतीने पेजफाइल बंद करून ठेवणारे इथे अडकतात. व्हर्च्युअल मेमरीत किमान २०४८० आणि कमाल ४०९६० एमबी लिहून पीसी रीस्टार्ट करावा. पुष्कळांची रॅमखरेदी इथेच टळते. टळली नाही, तर १६ जीबीच्या दोन स्टिक एकाच जोडीतल्या घ्याव्यात आणि प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या व चौथ्या स्लॉटमध्ये बसवाव्यात. मग बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (रॅमचा छापील वेग लागू करणारी सेटिंग) चालू करावं. ते राहिलं, तर ३२००च्या पैशांत २१३३ किंवा २४००चा वेग पदरात पडतो आणि ते वर्षानुवर्षं कळत नाही. डीडीआर५मध्ये चारही स्लॉट भरायच्या मोहात पडू नये: रायझन ७००० मालिकेसाठी चार स्टिकचा अधिकृत वेग ३६००वर उतरतो.

माइनक्राफ्टच्या मंडळींचं मात्र उलटं. ३२ जीबी आहे म्हणून लाँचरमध्ये २० जीबी देऊन टाकतात, आणि दर काही सेकंदांनी झटका बसला की चकित होतात. हा गेम ज्यावर चालतो तो जावा वापरून झालेल्या डेटाचा कचरा साठवतो आणि मग झाडतो. ढीग जितका मोठा, तितका झाडू चालायचा थांबा लांबण्याची शक्यता जास्त. दोनशे मॉडच्या पॅकला ६ ते ८ जीबी बहुधा पुरतात. एफ३ दाबून उजवीकडचा मेमरीचा टक्का बघायचा: तो नव्वदीपर्यंत चढून चाळीसवर पडत असेल तर प्रकृती ठीक, पंच्याण्णवला चिकटून बसला तरच वाढवा. जगाचा हिशेब सेकंदाला वीस टिक (हिशेबाचे ठोके), म्हणजे प्रत्येकी पन्नास मिलिसेकंद, आणि तोही मुख्यतः एकाच थ्रेडवर. यंत्रांनी गजबजलेला कारखाना उभारणाऱ्याला म्हणून कार्ड नको, चपळ कोअर हवा. प्रकाश-सावल्यांचे शेडर लावून सूर्यास्त बघणाऱ्याला कार्ड. सिटीज: स्कायलाइन्स या शहर उभारायच्या गेममध्ये स्टीमच्या वर्कशॉपमधून हजारभर इमारती उतरवून ठाण्याचा तीन हात नाका उभारणारेही आहेत. त्यांना ३२ जीबी रॅम लागतेच. पण गाड्यांची मर्यादा १६,३८४ आहे ती आहेच, कुठल्याही प्रोसेसरने ती हलत नाही. तीन हात नाक्यावर प्रत्यक्षातही अशी काही मर्यादा असती तर बरं झालं असतं.

काही दुखणी पैशांनी जातच नाहीत. स्कायरिम स्वतःच अपडेट झाला आणि मॉडना लागणाऱ्या एसकेएसई या जोडसॉफ्टवेअरची आवृत्ती जुनी राहिली, तर लाखभराचा पीसीही मेन्यूपर्यंत पोचत नाही. स्कायरिमच्या पापिरस भाषेतल्या स्क्रिप्टना दर फ्रेमला मूळ सेटिंगमध्ये १.२ मिलिसेकंदच मिळतात. स्क्रिप्टवाले मॉड ढिगाने घातले की दार उघडायला उशीर होणारच.

एसएसडीबद्दल लांबण लावत नाही. हार्ड डिस्कवरून एसएसडीवर येणं म्हणजे जमीन-अस्मान. साध्या साटा एसएसडीवरून महागड्या एनव्हीएमईवर जाणं या गेममध्ये क्वचितच जाणवतं. वेगाऐवजी जागा घ्या, किमान १ टीबी, कारण मॉडची उतरवलेली झिप आणि सुटी केलेली प्रत दोन्ही जागा खातात. झिप जुन्या हार्ड डिस्कवर ढकलाव्यात. गेम प्रोग्राम फाइल्समध्ये ठेवू नये.

ठाणे-नवी मुंबईत राहताना हवेचा हिशेबही यादीत घ्यावा लागतो. खोली एसीत २४ अंशांवर असेल तेव्हाचं कार्डाचं तापमान आणि मे महिन्यात पंख्याखाली ३५ अंशांवरचं तापमान यांत साधारण तेवढाच, दहा-अकरा अंशांचा फरक पडतो. समोर काचेची बंद भिंत असलेलं कॅबिनेट दिसायला झकास, पण इथे समोर जाळीच हवी. मेट्रोच्या आणि टॉवरांच्या बांधकामांनी घोडबंदरची धूळ फिल्टरवर पंधरा दिवसांत साचते. ती काढताना पंखा बोटाने धरून ठेवावा, आणि पेट्रोल पंपावरची हवा मारू नये, तिच्यात पाणी असतं. खाडीलगतच्या ऐरोली-वाशीत पावसाळ्यात पीसी खिडकीला लागून नको, आणि महिनाभर बंद तर नकोच; रोज तासभर चालला की आतला दमटपणा वाळतो.

बहुतेक घरांत ६०० व्हीएचा यूपीएस असतो. तो देतो ३६० वॉट. २०० वॉटचं कार्ड, १०५ वॉटचा प्रोसेसर, मॉनिटर आणि बाकीचं सगळं मिळून वीज जाण्याच्या क्षणी तो मान टाकतो, आणि सेव्ह होत असलेली फाइल सोबत नेतो. कार्ड वाढवलं की यूपीएस १००० व्हीएच्या वर न्यावा. एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) नावाजलेला आणि कार्यक्षमतेच्या ब्रॉन्झ दर्जाचा घ्यावा. कार्डाला दोन पॉवर कनेक्टर असतील तर दोन वेगळ्या केबल लावाव्यात, एकाच केबलचं शेपूट दुसऱ्यात खुपसू नये.

खरेदी ऑनलाइन होतेच, पण जुना पार्ट देऊन नवा घ्यायचा तर मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, लॅमिंग्टन रोड, अजून सुटलेला नाही. ठाण्याहून दादर, तिथून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड, पूर्वेला उतरायचं. रविवारी जाऊ नये, बहुतेक शटर खाली असतात. बिलावर जीएसटी आणि सिरियल नंबर दोन्ही लिहून घ्यावेत, नाहीतर वॉरंटीच्या वेळी हेलपाटे. सेकंडहँड कार्ड दुकानातच पंधरा मिनिटं पूर्ण भारावर चालवून बघावं. कार्डाचं तापमान आणि हॉटस्पॉट (चिपवरची सगळ्यांत तापलेली जागा) यांत पंचवीस अंशांहून जास्त अंतर असेल तर पेस्ट गेलेली आहे, भाव पाडा किंवा सोडा. परतताना संध्याकाळची ठाणे फास्ट टाळावी. त्या गर्दीत माणूस पोचतो, खोक्याची खात्री नाही.

नवा पार्ट बसवला त्या दिवशी मॉडची यादी बदलू नये. नाहीतर गेम पडला तर दोष कुणाचा ते कळत नाही. रॅम बदलली असेल तर रात्रभर मेमटेस्ट ही रॅम तपासणारी चाचणी लावावी. एकही चूक दिसली तर स्टिक परत.

मॉनिटरची खरेदी लोक सगळ्यांत शेवटी ठेवतात, आणि १४४०पी घेतला तर फ्रेम मरतील म्हणून घाबरतात. पिक्सेल १.७८ पट होतात हे खरं. पण हा वाढीव भार जवळजवळ सगळा कार्डावर पडतो, प्रोसेसरच्या रांगेत एकही नवी सूचना येत नाही. ज्याचं कार्ड ५५ टक्क्यांवर बसून होतं आणि व्हीरॅममध्ये जीबीभर मोकळी होती, त्याच्या ३८ फ्रेम १४४०पीवरही ३८च्या आसपासच राहतात. चित्र तेवढं स्वच्छ होतं.