अज्ञात उजवीकडे का चालत नाही

फ(क) = ग(क, क). यात क स्थिर, ग हे माहीत असलेलं फंक्शन, आणि फ अज्ञात. फ चं इनपुट य धरलं, तर फ(य) ची उत्तरं चार: ग(य, य), ग(य, क), ग(क, य) आणि ग(क, क). शेवटच्या उत्तरात फ आपल्या इनपुटकडे ढुंकूनही बघत नाही, तरी समीकरण सुटतं. हे सेकंड-ऑर्डर मॅचिंग. सेकंड-ऑर्डर, कारण अज्ञात ही संख्या नाही, फंक्शन आहे. मॅचिंग, कारण अज्ञात फक्त डावीकडे, उजवी बाजू पूर्ण ठरलेली.

कोड आपोआप बदलणारं एक टूल मी लिहितोय, त्याच्या पोटात हेच चालतं. कल्पना जुनीच आहे, ह्युए आणि लांग यांनी १९७८ मध्ये प्रोग्रॅम बदलायचे नियम असेच मांडले होते. आता सहकाऱ्यांची मागणी आहे की अज्ञात उजवीकडेही चालू दे. मी नाही म्हणतोय, आणि ते आळसापोटी नाही.

मॅचिंग थांबतं ते का? फ च्या व्याख्येत य च्या जागी काहीही घाला, पद (म्हणजे ग(क, य) सारखी लिहिलेली राशी) आकसत नाही. म्हणून फ उजव्या बाजूपेक्षा मोठा असूच शकत नाही, शोध कुठेतरी संपतोच. (एका अज्ञाताच्या इनपुटात दुसरं अज्ञात असेल आणि बाहेरच्याने इनपुट फेकून दिलं, तर आतल्याला काहीही किरकोळ उत्तर देऊन टाकायचं.) झटपट संपेल याची हमी मात्र नाही, कारण प्रश्न एनपी-पूर्ण आहे, म्हणजे सगळ्या बाबतीत झटपट चालणारी रीत कोणालाच माहीत नाही. माझ्या नियमांची पदं छोटी असतात, त्यामुळे अजून तरी त्याचा जाच झालेला नाही.

आता हे बघा: फ(ग(क, क)) = ग(क, फ(क)). फ(य) ची उत्तरं य, ग(क, य), ग(क, ग(क, य))... अशी संपतच नाहीत. ग(क, …) चं वेष्टण किती वेळा, ते मोजा: शून्य, एक, दोन! एका ओळीत सगळ्या नैसर्गिक संख्या आल्या. बेरीज तर फुकटात: फ१(फ२(क)) = फ३(क). गुणाकारात खरी करामत आहे, ती वॉरन गोल्डफार्ब यांची, १९८१ ची. तीन इनपुटं घेणारं एक अज्ञात घ्यायचं आणि त्याच्याकडून (०, ०), (म, १), (२म, २) अशी पायऱ्यांची यादी रचून घ्यायची. समीकरण असं बांधलंय की पुढची पायरी आधीच्या पायरीत म आणि १ मिळवूनच तयार होते. न-व्या पायरीला म गुणिले न हातात. बेरीज-गुणाकार जमले की हिल्बर्टचा दहावा प्रश्न (दिलेल्या बहुपदी समीकरणाला पूर्णांकांत उत्तर आहे का?) आत शिरतो, आणि त्याला अल्गोरिदम नाही हे मातियासेविच यांनी १९७० मध्येच पक्कं केलेलं. म्हणजे सेकंड-ऑर्डर युनिफिकेशन, अर्थात दोन्ही बाजूंना अज्ञात असलेला प्रश्न, अनिर्णेय: उत्तर आहे की नाही हे दरवेळी सांगणारा अल्गोरिदमच नाही.

मला यात सगळ्यात आवडतं ते हे: मोजणीत फ आपलं इनपुट एकदाच वापरतो, पण गुणाकाराच्या यादीत तेच इनपुट पायरीपायरीला परत लागतं. घात होतो तो या नकला काढण्यात. अज्ञाताने इनपुट नेमकं एकदाच वापरायचं, अशी अट घातली की प्रश्न निर्णेय होतो. त्याला कॉन्टेक्स्ट युनिफिकेशन म्हणतात. हे कित्येक वर्षं अडलेलं होतं, २०१४ मध्ये आर्तुर येझ यांनी ते पीस्पेसमध्ये, म्हणजे आटोक्यातल्या मेमरीत, बसवलं. सगळी फंक्शनं एकेका इनपुटाची ठेवली तरी सुटका होते, पण तेवढ्यात कोड कसा लिहिणार?

तर उजवीकडे अज्ञात हवंच असेल, तर संगणकशास्त्रज्ञ डेल मिलर यांच्या अटीवर देईन: अज्ञाताची इनपुटं म्हणजे बाहेरून बांधलेली, एकमेकांपासून वेगळी चलं, बाकी काही नाही. तिथे उत्तर असलं तर सर्वांत व्यापक असं एकच असतं, आणि तेही पटकन सापडतं. फ(ग(क, क)) लिहिणाऱ्याला एरर मेसेज मिळेल. तो मी आधीच लिहून ठेवलाय.