रेअर की मीडियम? जपानमधल्या तीन दुकानांचे चीज टार्ट

"रेअर की मीडियम?" काउंटरवरच्या मुलीने हसून विचारलं. आई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अगं, ही मटण विकते का काय?"

आम्ही ओसाकात शिनसाइबाशीच्या छप्परवाल्या बाजारपेठेत, पाब्लोच्या रांगेत उभ्या होतो. आईचं काही चुकलं नव्हतं. २०११ मध्ये ओसाकातच सुरू झालेल्या या दुकानाने चीज टार्टला स्टेकची भाषा लावून ठेवलीय. रेअर म्हणजे आतलं सारण पळीवाढं, मीडियम म्हणजे बसलेलं. दुकानाचं नाव थेट पिकासोवरून घेतलंय, यावरूनच हौस लक्षात यावी.

शाकाहारी मंडळींसाठी इथे एक गोष्ट सांगून ठेवते. जपानमध्ये इतर ठिकाणी पाटीवर ‘रेअर चीजकेक’ दिसला तर तो बहुधा न भाजलेला, जिलेटिन घालून फ्रीजमध्ये बसवलेला असतो. त्या ‘रेअर’चा या ‘रेअर’शी संबंध नाही. फोनचा कॅमेरा लेबलावर धरायचा आणि भाषांतर वाचायचं. आम्ही दहा दिवस तेच केलं.

आईला अर्धकच्चं काही चालत नाही, म्हणून तिच्यासाठी छोटा, पूर्ण भाजलेला मिनी घेतला. मी मोठा रेअर घेतला. मोठा म्हणजे १५ सेंटीमीटर, आपल्या फुलक्याएवढा. वरून जर्दाळूच्या जॅमची तुकतुकीत झिलई. खोका देखणा, पण पिशवीत नीट मावेना, म्हणून मी तो उभा सरकवला. तशीच मेट्रोत चढले, नाम्बाला उतरले, तिथे रिकुरो ओजिसानच्या दुकानापुढे दहा मिनिटं थांबलेसुद्धा. (नवा घाणा ओव्हनमधून निघाला की ते घंटा वाजवतात आणि लुसलुशीत चीजकेकवर हसऱ्या काकांचा ठसा डागतात. तळाशी मनुका. ते प्रकरण वेगळं, त्यात आज शिरत नाही.)

हॉटेलवर खोका उघडला तर सगळं सारण एका बाजूला जमलेलं आणि दुसऱ्या बाजूला नुसती रिकामी पारी. दोष सर्वस्वी माझा. चमच्याने खरवडून खाल्लं. गोड, मऊ, जॅमची आंबटसर चव मधूनच येत होती. पण पारी ओलावली होती आणि तीन चमच्यांनंतर सगळं एकसुरी लागायला लागलं. उरलेलं फ्रीजमध्ये ढकललं. सकाळी चहाबरोबर पाहते तर तेच सारण घट्ट बसलेलं, सुरीने सुबक काप निघत होते आणि रात्रीपेक्षा कितीतरी बरं लागत होतं. म्हणजे ज्या ‘रेअर’साठी मी हट्ट धरला होता, ते मला रात्रभर थंड करून मीडियम झाल्यावर आवडलं. आईने याच्यावर काही बोलायचं टाळलं, हे तिचे उपकार.

शिनकान्सेनने अडीच तासांत तोक्यो. शिंजुकू स्टेशनात हरवण्याचं वर्णन सगळ्यांनी केलेलं आहे, मीही हरवले, पुढे जाऊ. पूर्वेच्या बाजूला लुमिने एस्ट नावाची इमारत आहे. बेक चीज टार्टचं पहिलं दुकान २०१४ मध्ये इथेच उघडलं. दुकान म्हणजे जवळपास टपरीच. आतलं सगळं उघड्यावर: ट्रे ओव्हनमध्ये जातात, ट्रे बाहेर येतात, आणि पिवळ्याधमक टार्टच्या रांगा तुमच्यासमोर निवत बसतात. भाजलेल्या लोण्याचा वास इतका की पाटी वाचायची गरजच पडली नाही.

टार्ट आमटीच्या लहान वाटीएवढा. चालत चालत खायची इथे पद्धत नाही आणि कचऱ्याचा डबा शोधूनही सापडत नाही, म्हणून खांबाला टेकून उभ्या उभ्या खाल्ला. पारी दोनदा भाजतात, एकदा रिकामी आणि मग सारणासकट. त्यामुळे ती ओलं सारण पोटात घेऊनही कुरकुरीत राहते. दात लावला की नानकटाईसारखी आधी तडकते, मग विरघळते. सारण गरम, हवेशीर, चमच्याने उचललं तर हलकेच लवणारं. त्यात तीन प्रकारचं क्रीम चीज असतं: दोन होक्काइदोचे, हाकोदाते आणि बेत्सुकाई या भागांतले, आणि एक फ्रान्सचं. मला तिन्ही वेगळी ओळखता आली असं म्हणणं शुद्ध थाप ठरेल. पण गोडाच्या मागे मीठ होतं, तेवढं नक्की कळलं. पाब्लोत मला नेमकं तेच कमी पडलं होतं.

आईने डोळे मिटून एक घास खाल्ला. "खरवस," ती म्हणाली. "मिठाचा खरवस."

चिपळूणला आजोळी गाय व्यायली की शेजारून चिकाची कासंडी यायची. आजी गूळ-वेलची घालून तो कुकरमध्ये वाफवायची आणि आम्ही झाकण उघडायची वाट बघत बसायचो. गरम खरवस कधी कापला जात नाही, निवल्यावरच वड्या पडतात, तरी आम्ही गरमच मागायचो. टार्टचंही तेच. ओव्हनमधून निघाल्यावर पाच मिनिटांनी जो असतो, तो तासाने नसतो. बेकवाले स्वतःच गरम, फ्रीजमधला गार आणि फ्रीझरमध्ये गोठवलेला असं तिन्ही प्रकारे खायला सांगतात. गार टार्टला चक्क्याचा आंबटपणा येतो. गोठवून पाहता आला नाही, हॉटेलच्या फ्रीजला बर्फाचा कप्पाच नव्हता. पैशांचं म्हणाल तर पाब्लोच्या एका मोठ्या टार्टच्या किमतीत बेकचे चार-पाच येतात, पण पाब्लोचा चौघांत वाटता येतो, बेकचा वाटून खाणं म्हणजे भांडणाला आमंत्रण.

माझा कौल तिथेच बेकच्या बाजूने लागला होता. तरी सहा टार्टचा खोका घेतला, विमानात मांडीवर आडवा धरला (शहाणपण आलं होतं) आणि दीड तासाने शिन-चितोसे विमानतळावर, म्हणजे होक्काइदो बेटावरच्या सापोरोच्या दारात उतरलो. कारण तिसरं दुकान तिथेच होतं: किनोतोया.

किनोतोया सापोरोत १९८३ पासून आहे, आणि बेक काढणारा नागानुमा हा किनोतोयाच्या संस्थापकांचा मुलगा. मी ज्यांना प्रतिस्पर्धी समजून तुलनेचा तक्ता करत होते, ते बाप-लेक निघाले! विमानतळावरच्या दुकानात टार्ट समोरच भाजतात. एक गरम घेतला, शेजारी खोक्यातला तोक्योचा गार ठेवला. ही परीक्षा अन्यायाची आहे हे मला मान्य आहे. एक ताजा, दुसरा हजारभर किलोमीटर फिरून आलेला. गरमच जिंकला. पण पारी तीच, मीठही त्याच जागी. डोळे बांधून दोन्ही गरम दिले असते तर मला ओळखता आलं नसतं. रांगेत कोणाला वडिलांकडे जायचं आणि कोणाला मुलाकडे, हे ठरवायला चव पुरणार नाही, स्टेशन कुठलं जवळ आहे ते बघावं लागेल.

आईचं मात्र लक्षच नव्हतं. तिने त्याच दुकानातलं दुधाचं सॉफ्ट आइस्क्रीम घेतलं होतं, कोनावर वीतभर उंच, आणि दोन्ही हातांनी ते सांभाळत चाटत होती. मी तिला सांगितलं की जपानच्या एकूण दुधापैकी निम्म्याहून जास्त या एका बेटावर निघतं, आणि ते बेत्सुकाई म्हणून गाव आहे ना, तिथे माणसांपेक्षा गाई किती तरी पट जास्त.

ती चाटायची थांबली. "इतक्या गाई?" मग जरा विचार करून म्हणाली, "मग चीक कुठे विकत मिळतो, विचार बरं त्या मुलीला."

मी फोन काढला. ‘चीक’ला जपानीत काय म्हणतात, ते त्याला काही केल्या सांगता येईना.